तात्यांचा बदली टीव्ही

तात्यांच्या दुकानात टीव्ही नेला, की ते टीव्हीबद्दल आधी काही विचारत नसत. चित्र दिसतंय का, नुसता आवाज येतोय का, कधीपासून बंद आहे, हे सगळं नंतर. कानावरची पेन्सिल हातात घेऊन त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा.

"घरात बारकं कोण हाय?"

नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा आपुलकीनं विचारतोय. तो खूश होऊन सांगायचा, "हाय की. नातू हाय. तीन वर्षांचा." तात्या एका चिठ्ठीवर नाव लिहायचे, नावाखाली तीनचा आकडा काढायचे आणि ती चिठ्ठी टीव्हीच्या पाठीवर चिकटवायचे. मग म्हणायचे, "आठ दिस लागत्याल. पार्ट पुण्यावरनं यायचाय."

घरात लहान मूल नसेल, तर तोच पार्ट संध्याकाळपर्यंत यायचा.

हे मला फार उशिरा कळलं. मी आमच्या घरातली कॉलेजला जाणारी पहिलीच, त्यामुळे घरात सगळ्यांना वाटतं की मला सगळं कळतं. तसं काही नाही. तात्यांबद्दल लिहितानासुद्धा मला खात्री वाटत नाही की मला ते पूर्ण कळले होते. जे पाहिलं तेवढं लिहिते.

वरवंडच्या जुन्या बाजाराच्या रस्त्याला त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक शटर, आत एक लांब टेबल, टेबलावर उघडे पडलेले टीव्ही आणि भिंतीला लावून जुन्या डबा टीव्हींची रांग. अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात टेस्टर. चष्म्याची काडी मोडली होती, ती त्यांनी सोल्डरच्या तारेनं बांधली होती आणि वर्षानुवर्षं तशीच वापरत होते. "दुसऱ्याच्या वस्तू दुरुस्त करायच्या, आपली चालतीय तवर चालवायची," म्हणायचे. कुठलाही टीव्ही उघडण्याआधी ते त्याच्या डोक्यावर बोटांनी तीनदा ठोकायचे. दार वाजवावं तसं. आत बऱ्याचदा पाल असायची, झुरळं असायची. "त्यांना सांगावं लागतं की आपुन येतोय."

त्यांची सगळ्यात जुनी सवय आरशाची. टीव्ही मागून उघडायचा, म्हणजे मेकॅनिक कायम टीव्हीच्या मागे. चित्र मात्र पुढं. मग पुढं एका स्टुलावर मोठा आरसा ठेवायचा आणि मागून स्क्रू फिरवता फिरवता आरशात चित्र बघायचं. आता नव्या टीव्हींना त्याची फारशी गरज पडत नाही, पण तात्यांचा आरसा स्टुलावर होताच. त्यांना मी टीव्हीसमोर बसलेलं कधी पाहिलं नाही. चहासुद्धा टीव्हीच्या मागच्या बाजूला बसूनच प्यायचे.

मी दुसऱ्या वर्षाला असताना आमचा टीव्ही बंद पडला. माझा भाऊ कुरकुंभला एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. वहिनी सकाळी आठला भाजीच्या रोपवाटिकेत कामाला जाते. मी दौंडला कॉलेजला. मागे घरात आई आणि भावाची चार वर्षांची ओवी. आईला कोंबड्या, पाणी, स्वयंपाक, दुपारी शेंगा फोडायचं काम. मग ओवीला कोण सांभाळणार? टीव्हीच सांभाळायचा. सकाळी एकदा लावला की रात्री जेवणं होईपर्यंत. ओवी त्याच्यासमोर बसून खायची, त्याच्यासमोरच झोपायची. बोलायची फार कमी, आणि जे बोलायची ते हिंदीत, कार्टूनच्या आवाजात. "मुझे नहीं खाना." आईला हिंदी येत नाही. तीही मग हातवारे करून म्हणायची, "खाती की नही खाती, एक बोल!" आम्ही हसायचो. बाहेर बुद्धविहारासमोरच्या मोकळ्या जागेत वस्तीतली पोरं खेळायची, पण ओवी उंबऱ्यापर्यंत जाऊन परत यायची. तिला त्यांच्यात शिरायचं कसं, ते कळत नसावं.

भाऊ आणि मी टीव्ही चादरीत गुंडाळून तात्यांकडे घेऊन गेलो.

"जय भीम, तात्या."

"जय भीम. ठिवा हितं. हळू. घरात बारकं कोण हाय?"

"माझी पोरगी. ओवी. चार वर्षांची."

"काय करती?"

"काय म्हंजी? घरात असती."

"घरात काय करती?"

भाऊ हसला. "टीव्ही बघती."

"आन् बंद पडल्यापासनं?"

"रडती."

तात्यांनी चिठ्ठीवर चारचा आकडा काढला. आठ दिवस सांगितले. भावाचं तोंड उतरलं. मग तात्या उठले आणि भिंतीच्या रांगेतला एक जुना डबा टीव्ही उचलून त्यांनी टेबलावर ठेवला. त्याच्यात काच नव्हती, ट्यूब नव्हती, काही नव्हतं. नुसतं खोकं, पुढून मागं आरपार. कडा काचपेपरनं घासून गुळगुळीत केलेल्या. सगळे खिळे काढलेले. साबणानं धुतलेलं. पुढची दोन गोल बटणं मात्र तशीच ठेवलेली, आणि ती फिरवली की टक टक वाजत.

"हे न्या तवर. बदली टीव्ही."

भावानं खोक्यातून पलीकडे हात काढून दाखवला. "तात्या, ह्याच्यात काय न्हाई."

"म्हनूनच देतोय."

भावाला ते चेष्टा केल्यासारखं वाटलं. तो बाहेर जाऊन गाडी चालू करू लागला. तात्या मला म्हणाले, "तू शिकतीस न्हवं? मग तू ध्यानात ठिव. पोरीला कायबी शिकवायचं न्हाई. आत असं बस, तसं बोल, हे न्हाई. फकस्त समोर बसायचं. टीव्ही म्हंजी बघनारं पायजे. रोज घरातल्या एका मोठ्या मानसानं बसायचं. आन् हसायचं न्हाई. टीव्ही बघताना बातम्यावाल्याला हसता का?"

मी मान हलवली. मला ते सगळं थोडं विचित्र वाटलं, पण मोठ्या माणसाला काय बोलणार.

पहिल्या दिवशी ओवीनं रिमोट त्या खोक्यासमोर धरून दाबला. "चालू करो!" मग खोक्याला लाथ मारली. दुसऱ्या दिवशी त्यात मांजर शिरून झोपलं. ओवी बराच वेळ त्या मांजराकडे बघत बसली, आणि मांजर उठून गेल्यावर तिनं परत रिमोट दाबला. आई म्हणाली, "तात्याचं डोकं फिरलंय. घरात भंगार आणून दिलंय."

तिसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर आई दारात शेंगा फोडत बसलेली, आणि समोर ओट्यावर ते खोकं. खोक्यात ओवीचं तोंड. ती काही बोलत नव्हती. नुसती आईकडे बघत होती. मी आईशेजारी बसले. बराच वेळ काही झालं नाही. मग ओवीनं आतून हात काढून बटण फिरवलं, टक टक, आणि एकदम ओरडली, "हाऽऽड्! सगळं दानं खाल्लं तुमी! ह्यांचं पोट हाय का पोतं?"

तो आईचा आवाज होता. रोज कोंबड्यांवर ओरडते तो. मराठीत.

आईला हसू आवरेना. मी तिला सांगितलं, हसायचं नाही, तात्यांनी बजावलंय. तिनं पदर तोंडात धरला. ओवी गंभीर होऊन पुढच्या कार्यक्रमाला लागली. भाजीवाला आला, मेथीची जुडी आली, "ही मेथी हाय का गवात?" झालं. मग हवामान झालं. "उद्या पाऊस येनार हाय. वाळवन काढा." इतके दिवस ही पोरगी आमच्यातच होती, आणि सगळं ऐकत होती. आम्हाला वाटायचं ती फक्त टीव्ही ऐकते.

चौथ्या दिवशी संध्याकाळी वहिनी कामावरून आली तेव्हा ओवीनं तिला दारातच थांबवलं. "बस. नवीन सिरियल लागलीय." वहिनी उभीच राहिली. ओवीनं माझी कॉलेजची पिशवी खांद्याला अडकवली आणि खोक्यामागून चालत आली. घाम पुसला. पिशवी खाली ठेवली. म्हणाली, "थांब गं ओवी. दमलेय मी. जा, टीव्ही बघ जा."

मग ती खोक्याच्या दुसऱ्या बाजूला सरकली आणि बारीक आवाजात म्हणाली, "बरं."

बटण फिरवलं, टक. सिरियल संपली.

वहिनीच्या स्वतःच्या खांद्यावरची पिशवी तिनं अजून खाली ठेवली नव्हती.

सहाव्या दिवशी मी एसटीतून उतरून सहज दुकानाकडे वळले. टेबलावर आमचाच टीव्ही होता. पाठीवर ओवीच्या नावाची चिठ्ठी. आणि तो चालू होता. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. तात्या मागं बसून बशीतून चहा पीत होते. मला पाहून त्यांनी बशी खाली ठेवली, पण टीव्ही बंद केला नाही.

"झाला?" मी विचारलं.

"तिसऱ्या दिशीच झालाय."

"मग?"

"मग काय? तुमचे अजून दोन दिस राह्यल्यात."

तात्या म्हणाले, "अशी मागं ये. हितं, माझ्याजवळ."

मी टेबलाला वळसा घालून टीव्हीच्या मागं गेले. समोर रस्त्यावर शाळेतून आलेली चार-पाच पोरं खेळत होती. एकाच्या हातात चप्पल होती आणि तो ती मातीत खुपसून वर उचलत होता, तोंडानं घर्रर्र करत. चप्पल म्हणजे जेसीबी. दुसरा त्याला हातानं इशारे करत होता, "मागं घे, मागं घे, ए, वायर हाय!" तिसरा नुसताच बाजूला उभा राहून कामाकडे बघत होता. विचारलं तर म्हणाला असता की तो इंजिनिअर आहे.

तात्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

पोरांनी माना वळवल्या. एकेक करून पुढं आली आणि दुकानासमोर उभी राहिली. चप्पल मातीतच. तोंडं अर्धी उघडी. कुणी कुणाकडे बघेना.

"बघ," तात्या हळू म्हणाले. "तुमी सगळे टीव्ही म्होरनं बघता. मी तीस वर्सं मागनं बघतोय. चित्र आरशात असतंय, पर तोंडं मला सरळ दिसत्यात." त्यांनी टीव्ही बंद केला. पोरं तशीच उभी. "आता बघ किती वेळ लागतोय परत चालू व्हायला."

खूप वेळ लागला. एक जण घरी गेला. एकानं विनाकारण दुसऱ्याला ढकललं. शेवटी त्या इंजिनिअरनं जाऊन चप्पल उचलली, थोडा वेळ नुसतीच हातात धरली, आणि मग हळूच, घर्रर्र.

"मी मेकॅनिक मानूस," तात्या म्हणाले. "बंद पडलेलं मला बघवत न्हाई."

हे वाक्य ते नेहमी म्हणायचे. टीव्हीबद्दल, पंख्याबद्दल, बंद पडलेल्या घड्याळाबद्दल. त्या दिवशी मला कळलं की ते कशाबद्दल म्हणतात. तरी मी धीर करून विचारलं, "पण तात्या, हे खोटं बोलणं नाही का? पार्ट यायचाय म्हणून?"

त्यांनी सोल्डरची गन हातात घेतली, परत ठेवली.

"हाय," ते म्हणाले. "खोटंच हाय. पर खरं सांगितलं तर कोन ठिवील?"

मी घरी काही सांगितलं नाही. ते बरोबर केलं की चूक, हे मला अजूनही ठरवता येत नाही.

आठव्या दिवशी तात्या स्वतः टीव्ही घेऊन आले. ओवी धावत त्यांच्याकडे गेली आणि हाताला धरून खोक्याकडे ओढू लागली. "तात्या, तुमी टीव्हीत या ना. मी बघते." तात्या मागं सरले. "न्हाई गं बाय. मेकॅनिकनं आत शिरायचं नसतं. मेकॅनिकनं मागं बसायचं." सगळ्याच घरांतली पोरं त्यांना हे म्हणायची आणि सगळ्यांना ते हेच सांगायचे. त्यांनी टीव्ही जोडला, चालू करून दाखवला आणि खोक्याकडे बोट करून म्हणाले, "ते परत न्यायचं का?" ओवीनं दोन्ही हातांनी खोकं धरलं. ते आमच्याकडेच राहिलं.

एवढ्यावर सगळं बदललं असं मी लिहिणार नाही. त्या दिवशी ओवीनं दोन तास सलग टीव्ही बघितला. मग उठून ती खोक्यात गेली आणि म्हणाली, "आजी, इकडं बघ." आई बघेना. आईची मालिका लागली होती. "आजी, माझ्याकडं बघ!" वहिनीनं उठून टीव्ही बंद केला. आई तिच्यावर चिडली. दोन दिवस दोघी एकमेकींशी नीट बोलल्या नाहीत.

तात्यांची चूक झाली ती त्यानंतर महिन्याभरानं. वरच्या आळीतल्या एका घरातून टीव्ही आला. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, घरात बारकं कोण आहे. टीव्ही घेऊन आलेल्या माणसानं सांगितलं, आपला दोन वर्षांचा पोरगा आहे. तात्यांनी दोनचा आकडा काढला. आठ दिवस. खोकं दिलं. पण त्याच घरात आतल्या खोलीत आबा होते, त्या माणसाचे वडील. पडल्यापासून वर्षभर अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या पायथ्याला टीव्ही होता, आणि दिवसभर तेवढीच त्यांना सोबत. ते तात्यांनी विचारलंच नाही. आबा आठ दिवस भिंतीवरच्या मोकळ्या खिळ्याकडे बघत पडले. जेवण कमी केलं. आबांच्या मुलानं टीव्ही परत आल्यावर एका ओळखीच्या मेकॅनिकला सहज दाखवला, आणि तो म्हणाला, "ह्यात आठ दिवसांचं काय होतं? तासाचं काम आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर माणसं जमली. मी आणि भाऊ रस्त्यानं जात होतो, आम्हीही थांबलो. आबांचा मुलगा मोठ्यानं बोलत होता. "तात्या, फसवता व्हय तुमी? माझा बाप तिकडं भिंत बघत पडला, आन् तुमच्या दुकानात टीव्ही तयार!" मग एकेकाला आठवू लागलं. माझाबी आठ दिवस ठेवला. माझा दोनदा ठेवला. मॅचच्या वेळी ठेवला! भावानं गर्दीतून पुढं होऊन विचारलं, "तात्या, आमचाबी?"

"व्हय," तात्या म्हणाले.

"कितव्या दिशी झाला होता?"

"तिसऱ्या."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला हे आधीच माहीत होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. ते मीच संध्याकाळी भावाला सांगितलं. तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही.

तात्यांनी गर्दीची माफी मागितली नाही. शटर ओढलं आणि सरळ आबांच्या घरी गेले. आबांच्या उशाला बसले. पुढचं आबांच्या सुनेनं नंतर सांगितलं. आधी आबाच बोलले, "का रं? माझं वय काय दोन हाय का?" तात्यांनी त्यांचे पाय धरले. आबा म्हणाले, "सोड. गुदगुल्या व्हत्यात." मग म्हणाले, "त्या खोक्यात नातू बडबडत व्हता. चांगलं बडबडतो. पर माझ्याकडनं दिसत न्हवता. आवाजच येत व्हता नुसता." तात्यांनी ते खोकं उचलून आबांच्या पायथ्याला, त्यांना पडल्या पडल्या दिसेल असं टेबलावर ठेवलं. टीव्हीच्या शेजारी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दुकानात बोलावलं. एक पत्रा पांढरा रंगवून ठेवला होता. "तुझं अक्षर चांगलं हाय. लिही."

त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं. घरात सहा वर्षांच्या आतलं मूल असल्यास टीव्ही आठ दिवसांनीच मिळेल. अंथरुणाला खिळलेलं माणूस असल्यास एका तासात.

माझा हात थांबला. "तात्या, हे वाचून कुणी येणार नाही."

"ज्यांना यायचंय त्यांनी वाचून यावं. इतकी वर्सं न वाचता येत व्हते."

"आणि दोन्ही असतील घरात, मूल आणि आजारी माणूस?"

त्यांनी विचार केला. "मग एका तासात देयाचा, आन् रोज दोन तास मी सवता जाऊन बंद करनार. तेबी लिही." मी ते लिहिलं नाही, जागा नव्हती. पण आबांच्या घरी ते रोज संध्याकाळी जायचे, हे सगळ्यांनी पाहिलं.

बोर्ड लागला आणि गिऱ्हाईक तुटलं. लोक हायवेवरच्या नव्या दुकानात जाऊ लागले. पोरं चेष्टा करायची, "तात्या, माझी बायको सहाच्या आत हाय, तिच्या अकलेनं. आठ दिवस ठेवा." तात्या म्हणायचे, "तिला घेऊन ये, चिठ्ठी तिच्या पाठीवर लावतो." शिरूर तालुक्यात निमोण्याला त्यांची मुलगी दिलेली होती. ती फोनवर बापाला म्हणायची, आप्पा, तो बोर्ड काढा. तात्यांनी काढला नाही. पावसानं अक्षरं पुसट झाली तेव्हा मला परत बोलावून गिरवून घेतली.

मग मे महिना आला. ओवी एव्हाना अंगणवाडीत जाऊ लागली होती, ती सुट्टीसाठी बंद झाली. एक दिवस मी घरी आले तर भिंतीवर टीव्ही नव्हता. मला वाटलं परत बिघडला. वहिनी भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, "तात्यांकडं नेऊन ठेवला."

"काय झालंय त्याला?"

"काय न्हाई."

मी दुकानात गेले. तात्या आमच्या टीव्हीसमोर उभे होते, आणि पहिल्यांदाच मला ते गोंधळलेले दिसले. "तुझी वैनी सवता उचलून घेऊन आली," ते म्हणाले. "मी इचारलं, बिघाड काय? म्हनली, बिघाड न्हाई, आठ दिस ठिवा. मी आत काय करू? उघडू कशाला?" त्यांनी तरी सवयीनं टीव्हीच्या डोक्यावर तीनदा ठोकलं. मग चिठ्ठी घेतली. ओवीचं नाव. ती आता पाच वर्षांची झाली होती, पाचचा आकडा काढला.

वहिनीनं वस्तीतल्या दोघींना सांगितलं. त्यांनी आणखी दोघींना. जूनपर्यंत तात्यांच्या टेबलावर सहा चांगले टीव्ही बंद करून ठेवलेले होते, सहांच्या पाठीवर चिठ्ठ्या, आणि भिंतीची रांग रिकामी झाली होती. बुद्धविहारासमोर संध्याकाळी खोकी मांडलेली असायची. एकात बातम्या, एकात बाजारभाव, एकात कुणाचं तरी लग्न. आमची आई तिथं पाट टाकून बसायची आणि एका चॅनेलवरून दुसऱ्याकडे मान वळवायची. ओवी सगळ्यांना ओरडून सांगायची, "ए, जाहिरात लागली का पानी प्यायचं, मधी न्हाई!" आता तिच्या तोंडात हिंदी फक्त तेवढीच होती, जेवढी एखाद्या ट्रकवाल्या पात्राला लागते.

पण न बिघडलेले टीव्ही ठेवून घेण्याचे पैसे काय मागणार? तात्या घेतही नव्हते. जागेचं भाडं निघेना. दिवाळीनंतर त्यांनी दुकान सोडायचं ठरवलं आणि मुलीकडे निमोण्याला जायचं ठरवलं. भाऊ, जो त्या दिवशी गर्दीत सगळ्यात पुढं होता, तो सामान भरायला गेला. टेम्पोत टेबल चढलं, स्टूल चढलं, आरसा गोधडीत गुंडाळून चढला. बोर्ड भावानं स्वतः उतरवला आणि विचारलं, "हे टाकू का, तात्या?" तात्या म्हणाले, "टाकतोस कुठं? तिथं लावायचाय. निमोण्यात टीव्ही न्हाईत काय?" आसपासच्या गावांतल्या भंगारवाल्यांकडून त्यांनी आणखी डबा टीव्ही जमवले होते. ते सगळे रिकामे करून, घासून, धुऊन टेम्पोच्या मागच्या भागात रचले. आमची खोकी मात्र त्यांनी मागितली नाहीत.

सकाळी दहाच्या सुमारास टेम्पो निघाला. खोकी पडू नयेत म्हणून तात्या पुढं ड्रायव्हरजवळ न बसता मागं, त्या रचलेल्या टीव्हींमध्ये बसले होते. मी आणि ओवी रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. ओवीनं सवयीनं हाक मारली, "तात्या, टीव्हीत या ना!"

टेम्पो खड्ड्यासाठी हळू झाला. तात्यांनी आमच्याकडे पाहिलं. मग सगळ्यात वरचं एक खोकं ओढून मांडीवर घेतलं, तारेनं बांधलेला चष्मा नीट केला आणि पुढं वाकून त्यात तोंड घातलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हात पुढं काढून बटण फिरवलं, टक टक.

"नमस्कार," ते म्हणाले. "आजची ठळक बातमी. वरवंडचे तात्या निमोण्याला निघाल्यात. दुकान बंद पडलेलं न्हाई. जागा बदललीया." टेम्पोनं वेग घेतला तसा त्यांनी आवाज चढवला. "आन् बघनाऱ्यानं हसायचं न्हाई!"

ओवी हसली नाही. ती तिथंच रस्त्याच्या कडेला धुळीत बसली, मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून. टेम्पो चौफुल्याच्या दिशेनं हायवेला वळेपर्यंत आणि त्या चौकटीतलं तोंड ओळखू येईनासं होईपर्यंत ती तशीच बघत बसली.